साहेब, तटस्थ म्हणजे नेमकं कुठे उभं राहायचं?

दि. 4 जानेवारी 2026

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, जय हिंद.

मी इंजिनिअर रेजिमेंटमधून निवृत्त झालेला हवालदार, राहणार सातारा जिल्हा. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव ठेवून पत्र थोडक्यात लिहिणार आहे. (तसं होणार नाही, हे मला आत्ताच दिसतंय. क्षमस्व.)

गेल्या 27 डिसेंबरला लिथुआनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया हे तीन देश भूसुरुंगबंदीच्या ओटावा करारातून अधिकृतपणे बाहेर पडले. येत्या 10 तारखेला फिनलंड, फेब्रुवारीत पोलंड. आमच्या घरच्या टीव्हीवर त्याची पट्टीसुद्धा सरकलेली दिसली नाही, पुतण्याने मोबाइलवर दाखवलं. त्याच आठवड्यात मला एक सरकारी उत्तर आलं. ऑगस्टमध्ये मी एका कार्यालयाकडे दोन गोष्टी विचारल्या होत्या. ऑपरेशन पराक्रमच्या वेळी (2001-02 मध्ये पाकिस्तान सीमेवर सैन्य उभं केलं तेव्हा) आपणच आपल्या हद्दीत पेरलेल्या माइन्समुळे आजवर किती जवान आणि किती शेतकरी गेले, किती अधू झाले? आणि त्या करारावर आपण सही कधी करणार? चार महिन्यांनी दीड ओळ आली: सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

निकाली. माझा डावा पाय 2002 सालीच निकाली निघाला. आता त्याच्याबद्दलचा प्रश्नही निघाला.

पराक्रम कोणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही, कारण त्यात युद्धच झालं नाही. 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला आणि काही दिवसांत आम्ही दारूगोळ्यासकट रेल्वेत होतो. जम्मू, पंजाब, राजस्थान, सगळ्या सीमेवर सैन्य उभं केलं आणि आम्हा सॅपर म्हणजे इंजिनिअर जवानांना सांगितलं, माइन्स लावा. लावल्या. रात्रंदिवस लावल्या. बाहेरच्या संस्था वीस लाखांचा अंदाज देतात. मी काही मोजत बसलो नव्हतो. ज्या जमिनीत लावल्या ती पाकिस्तानची नव्हती साहेब, आपल्याच शेतकऱ्याची होती. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि कुंपण मीच घातलंय. दहा महिने समोरासमोर उभे राहिलो, ऑक्टोबर 2002 मध्ये हुकूम आला, परत फिरा. तत्कालीन संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी पुढे संसदेत 798 हा आकडा दिला. कारगिलमध्ये प्रत्यक्ष युद्ध झालं, तिथे 527 गेले. म्हणजे न झालेल्या युद्धाने झालेल्या युद्धापेक्षा जास्त घेतले. त्यातले माइनचे किती, हेच तर मी विचारलं होतं.

माइन लावायला जेवढे दिवस लागतात त्याच्या कित्येक पट काढायला लागतात. लावताना नकाशा करतात, ओळी नोंदवतात, काटेरी तार आणि लाल त्रिकोण लावतात. सगळं शिस्तीत. पण वाळवंटात वाळू सरकते. कागदावर जी ओळ टेकडीच्या पायथ्याशी होती, तिच्यावर एका उन्हाळ्यात टेकडीच येऊन बसलेली. मग पांढऱ्या फितीच्या आत पोटावर पडून प्रॉडर, म्हणजे जमीन टोचायची सळई, तिरका घालत, बोट बोट जमीन चाचपत पुढे सरकायचं. त्या सकाळी माझ्या हाताने सतरा निघाल्या होत्या. अठरावी नोंदीपेक्षा चार पावलं अलीकडे होती आणि ती मला हाताने नाही, टाचेने सापडली.

एम-14 म्हणजे शंभरएक ग्रॅमची प्लास्टिकची डबी. चहाच्या बशीपेक्षा लहान. आत दारू 29 ग्रॅम. ती माणूस मारायला बनवलेलीच नाही, पाय तोडायला बनवली आहे, कारण मेलेल्याला मागे ठेवता येतं, जखमीला उचलायला चार जण लागतात. हे मी स्वतः रिक्रूटांना शिकवलंय, फळ्यावर चित्र काढून. मला उचलायलाही चारच जण लागले.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. आता पन्नाशी ओलांडली. या मधल्या काळाबद्दल कोणी विचारत नाही म्हणून सांगतो. उन्हाळ्यात खुंटाला घाम येतो, सॉकेटमध्ये कातडी सोलते, मग आठ दिवस पाय काढून ठेवायचा आणि कुबड्या. रात्री नसलेल्या पायाचा अंगठा खाजतो. हसू नका, खरोखर खाजतो, आणि खाजवायला काही नाही. लेकीच्या लग्नात कन्यादानाला पाटावर मांडी घालता येईना, तेव्हा गुरुजींनी मांडववाल्याची प्लास्टिकची खुर्ची मागवली. फोटोत सगळे खाली आणि मी एकटा वर, जणू अध्यक्ष. माउलींची पालखी आमच्या भागातून जाते, लोणंद, तरडगाव, फलटण. वडील दरवर्षी चालायचे, मी सुट्टी जमली की चालायचो. आता रस्त्याच्या कडेला टाकी घेऊन पाणी वाटतो. पाणी वाटणंही सेवाच, असं सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांना दोन्ही पाय आहेत.

असो. विषय करार होता.

सही करत नाही याचं आपलं कारण मला पाठ आहे: सीमा लांब आहे, शेजारी भरवशाचा नाही, माइनची जागा घेईल असा परवडणारा पर्याय मिळेपर्यंत ती लागणार, मात्र माइनमुक्त जगाच्या ध्येयाला आमचा पाठिंबा आहे. आपण निर्यात स्वतःहून थांबवली आहे, तेही मान्य, हातचं राखून बोलत नाही. पण साहेब, सॅपरला विचारा. माइनफील्डवर चोवीस तास नजर आणि बंदूक नसेल तर ते शत्रूला तासभर अडवतं आणि आपल्या गुराख्याला कायमचं. पराक्रममध्ये पलीकडून चालून कोणी आलंच नाही. त्या माइन्सनी अडवलं ते आम्हालाच.

हे ध्येयाला पाठिंबा प्रकरण 1997 पासून चालू आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात करार सह्यांसाठी खुला झाला, मोहीम चालवणाऱ्यांना नोबेल मिळालं. तेव्हापासून संयुक्त राष्ट्रांत त्याच्या ठरावावर मतदान आलं की भारत तटस्थ. कराराच्या बैठकांना आपण निरीक्षक म्हणून जातो. लग्नाला जायचं, जेवायचं आणि आहेराच्या वेळी हात धुवायला उठायचं. तटस्थपणाचं म्हणाल तर माइनइतकं तटस्थ कोणी नाही. भारतीय पाय, पाकिस्तानी पाय, म्हशीचा पाय, तिला सगळे सारखे.

बरं, सही केलेल्यांनी तरी काय दिवे लावले? युक्रेन कराराचा सभासद. नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेने त्याला माइन्स द्यायचं जाहीर केलं, तेही कंबोडियात कराराची मोठी आढावा परिषद भरायच्या तोंडावर. 2025 मध्ये युक्रेननेही बाहेर पडायचा निर्णय घेतला. गेल्या जुलैत थायलंड-कंबोडिया सीमेवर एका थाई जवानाचा पाय माइनवर गेला, दुसऱ्या दिवशी दोन्ही देशांच्या तोफा सुरू. माइन ताजी होती असं थायलंड म्हणतं, कंबोडिया नाकारतं. मला त्या पोराचीच आठवण येत राहते. त्याला कोणी सांगितलं असेल का, की पहिल्या वर्षापेक्षा दहावं वर्ष जड जातं? 2024 या एका वर्षात जगात माइन्स आणि तशाच पडून राहिलेल्या स्फोटकांनी सहा हजारांवर माणसं मारली किंवा अधू केली. दहातले नऊ साधे नागरिक.

त्याच कंबोडियात माइन्स हुंगून काढणाऱ्या मागावा नावाच्या उंदराला 2020 साली सुवर्णपदक मिळालं. उंदराबद्दल माझी तक्रार नाही, चांगला सॅपर होता. पण त्याला हयातीचा दाखला द्यायला कोणी रांगेत उभं केलं नसावं.

आता आपलं पुणं बघा. पाषाणच्या संशोधन संस्थेत नव्या माइनची रचना होते, 'निपुण' नावाच्या माइन्स ऑगस्ट 2022 मध्ये समारंभाने सैन्याला सुपूर्द झाल्या. खडकीत माइन लावायला आणि काढायला शिकवतात, मी तिथलाच. आणि वानवडीत कृत्रिम पाय बसवतात. तिथल्या लोकांबद्दल वावगा शब्द काढणार नाही, त्यांनी मला उभं केलं. पण डबी, बोट आणि पाय, तिन्ही एकाच शहरात! जयपूर फूट तर अफगाणिस्तान-कंबोडियापर्यंत गेला, त्याचा अभिमान भाषणांत असतोच. पाय देण्यात आपण जगात पुढे. पाय जाऊ नये म्हणून हात वर करायचा झाला की तटस्थ.

आणि आपल्याला जमत नाही असंही नाही. रासायनिक अस्त्रांच्या कराराखाली 1997 मध्ये आपण आपला साठा उघड केला, हजार टनांहून जास्त मस्टर्ड नावाचं विषारी रसायन, आणि 2009 मध्ये तो पूर्ण नष्ट केला. त्यामुळे देश बुडाला का? शेजारी तेच होते, सीमा तेवढीच लांब होती.

मोठ्या अस्त्रांचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. येत्या 5 फेब्रुवारीला अमेरिका-रशियामधला न्यू स्टार्ट करार संपतोय. प्रत्येकी 1,550 तैनात अण्वस्त्रांची मर्यादा घालणारा तो शेवटचा कागद. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार 2019 मध्येच गेला. जगात बारा हजारांवर अण्वस्त्रं आहेत, आपली 180च्या आसपास, पाकिस्तानची 170. राजीव गांधींनी 1988 मध्ये संयुक्त राष्ट्रांत 2010 पर्यंत अण्वस्त्रमुक्त जगाचा आराखडा मांडला होता. दहा वर्षांनी आपण पोखरणला स्फोट केले. मी तेव्हा नोकरीत होतो, पेढेही खाल्ले. पराक्रमच्या वेळी दोन्हीकडे ती अस्त्रं होती म्हणून कोणी पाऊल उचललं नाही, असं तज्ज्ञ सांगतात. असेल. मग खाली वाळूत आम्हाला कशाला पेरायला लावलं? वर अणुबॉम्ब आणि खाली 29 ग्रॅम, आणि दोन्हीच्या मधे उभं राहून पगार घेणारा मी.

आमच्या राज्यात भूसुरुंग म्हटलं की लोकांना गडचिरोली आठवते. 1 मे 2019, जांभूळखेडा, पंधरा पोलीस आणि एक चालक, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी. नक्षलवादी कोणत्या करारावर सही करणार, असं मला ऐकवलं जातं. ते करणार नाहीत. म्हणून तर विचारतोय, त्यांच्यात आणि आपल्यात एका सहीचा तरी फरक नको का?

सरकारं बदलली, उत्तराचा मसुदा तोच राहिला. इथे माणूस मेला तर पुष्पचक्र असतं, अर्धा मेला तर अर्ज असतो.

मागण्या मोठ्या नाहीत. पुढच्या मतदानाला तटस्थ राहू नका. सही लगेच होत नसेल तर कोणत्या वर्षी होईल ते सांगा, नाहीच होणार असेल तर तसं सांगा, मी ऐकून घेईन. आणि आपल्याच माइन्सनी घेतलेल्या आपल्या माणसांची संख्या जाहीर करा, जवान वेगळे, शेतकरी वेगळे. गुरं सोडून दिली तरी चालेल. पायाचे पैसे मी मागितलेले नाहीत, कृपया तो विभाग शोधत बसू नका.

हे पत्र पोर्टलवर टाकत नाही. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवतोय, पोचपावतीसह. पोस्ट ऑफिसला पाच पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही, म्हणून पुतण्याची वाट बघतोय.

आपला,
एक निवृत्त हवालदार