मेसवाल्या काकूंना, झाकण ठेवलेल्या वाटीबद्दल

काकू, नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही हे मला माहितीये, तुमचा मोबाईल फोन घ्यायला आणि गावच्या ग्रुपवरचे फोटो बघायला एवढ्यापुरताच, पण तुमची लेक वाचून दाखवेल, तिला मी सांगून ठेवलंय. मागच्या आठवड्यात शेवटचं जेवायला आले तेव्हाच बोलायचं होतं. पण दुपारची गर्दी, डबे न्यायला आलेला पोरगा दारात उभा, आणि माझा घसा इतका दाटला की "येते काकू" एवढंच निघालं तोंडातून. म्हणून इथे लिहितेय, सगळ्यांसमोर, कारण ज्यांनी छळलं त्यांनीपण सगळ्यांसमोरच छळलं होतं.

मी दूध, दही, ताक, तूप सगळं सोडलं तेव्हा एक गोष्ट कळली. आपल्याकडे कुणी मटण सोडलं तर लोक कौतुक करतात, माळ घातली का विचारतात. दूध सोडलं की मात्र घरात कुणी वारल्यासारखं तोंड करतात. आत्याने आईला फोन करून सांगितलं की पोरीला शहरात कुणीतरी भडकवलंय. ऑफिसात रोज जेवणाच्या सुट्टीत कोर्टात उभं केल्यासारखं, मग झाडाला जीव नसतो का, मग मध का नाही, मग चपलेचं काय, आणि उत्तर द्यायला लागलं की यांचा डबा संपलेला असायचा आणि माझा तसाच गार. एका डॉक्टरांनी तर मी काय खाते हे न विचारताच सांगितलं, दूध सोडलंस तर चाळिशीत कंबर मोडेल, आणि हसले. तपासणी एक लिहून दिली नाही.

पण सगळ्यात लागलं ते तुमच्याकडे यायच्या आधीच्या मेसमध्ये. दारावर मोठ्या अक्षरात शुद्ध शाकाहारी लिहिलेलं. मी पैसे भरतानाच सांगितलं होतं की तूप-ताक घालू नका, जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरीकडे बघते. हो हो म्हणाले. आणि महिना संपताना भरल्या टेबलावर त्या मालकांनी जाहीर केलं की रोज तुझ्या वरणात तूप होतं, कळलं का तुला, काय झालं, मेलीस का? सगळे हसले. मी उठले, हात धुतले आणि गेले. त्या माणसाला वाटलं त्याने वाद जिंकला. काकू, मला तुपाचा राग नव्हता आला. मी विश्वासाने जेवत होते आणि समोरचा रोज माझ्या ताटाकडे बघून मनात हसत होता, हे अजून आठवलं तरी पोटात कालवतं.

त्यानंतर तुमच्याकडे आले ती मालवणी मेस म्हणून जरा घाबरतच. तुम्ही स्वतः मासे खाणाऱ्या, बाहेर फळ्यावर सुरमई-बांगड्याचे दर लिहिलेले, मला वाटलं इथे तर पहिल्याच दिवशी टर उडेल. मी माझं पाठ झालेलं भाषण सुरू केलं आणि तुम्ही मधेच विचारलंत, "ताकपण नाही?" मी म्हटलं नाही. "तेल चालतं ना? मग झालं. बस तिकडे." एवढंच. पुढच्या माणसाला वाढायला गेलात. मी तिथे बसून विचार करत होते की हे एवढं सोपं होतं तर बाकीच्यांना काय जड जात होतं.

आणि मग पहिला गुरुवार. गुरुवारी तुमच्याकडे मासे नसतात म्हणून कढीचा बेत, सगळ्यांच्या ताटात वाफाळती कढी. मला वाटलं आज कोरडाच भात, चालेल, भाजीबरोबर खाऊ. ताट आलं तर त्यात एक वाटी, तिच्यावर स्टीलचं छोटं झाकण. उघडून बघितलं तर आमसुलाचं सार. जिऱ्याची फोडणी, वर कोथिंबीर, गरम. मी मागितलं नव्हतं. तुम्ही आतून ओरडून सांगितलं नाहीत की त्या मुलीला कढी चालत नाही तिला हे द्या, वाढणाऱ्या पोराने काही बोलून दाखवलं नाही, शेजारच्याला पत्तासुद्धा लागला नाही की माझ्या वाटीत वेगळं काहीतरी आहे. मी नंतर विचारलं झाकण का, तर म्हणालात, "अगो, वाढताना एखादा थेंब उडतो कढीचा, मग तू काय करशील?"

त्या झाकणाबद्दल हे पत्र आहे खरं तर.

कारण काकू, वेगळं खाणाऱ्या माणसाला उपाशी राहायची भीती नसते, भाकरी-चटणी कुठेही मिळते. भीती असते ती रोज नव्याने सांगायची, रोज चारचौघांत हात वर करून "मला नको" म्हणायची. तो हात वर करायची वेळ तुम्ही माझ्यावर येऊच दिली नाहीत. ज्या दिवशी पालकाच्या पातळ भाजीत ताक पडणार त्या दिवशी ताक घालायच्या आधी माझी वाटी बाजूला निघालेली असायची, कोशिंबिरीच्या ऐवजी दाण्याचं कूट घालून खमंग काकडी, आणि पोळ्यांना तूप लावायच्या आधी माझ्या पोळ्या वेगळ्या फडक्यात. सगळ्यावर झाकण. आणि याचे एक रुपया जास्तीचे कधी घेतले नाहीत.

आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत का सोडलंस. एकदासुद्धा नाही. बाकीच्या सगळ्यांना कारण आधी हवं होतं, पटलं तर वाढू असं. तुम्ही आधी वाढलंत. म्हणून तुम्हाला आज आपणहून सांगावंसं वाटतंय.

आमचं गाव साताऱ्याच्या माण तालुक्यातलं, दुष्काळी, शेतीपेक्षा घर म्हशींवर चालायचं. डेअरीवर फॅट लागली की त्यावर दर, त्या पैशावर माझी फी भरलीये, हे मी विसरले नाहीये आणि माझ्या आईबापाला मी वाईट म्हणत नाही, कुणाला म्हणूही देत नाही. पण म्हैस व्यायली आणि रेडी झाली की घरात आनंद, रेडकू झालं की गप्पगप्प. रेडकाला कोण पोसणार, नांगराला ट्रॅक्टर आलेला. त्याला पान्हा सोडवण्यापुरतं आचळाला लावायचं आणि लगेच ओढून बांधायचं, आणि ते दोरीला हिसडे देत राहायचं. काही जगायची नाहीत. मग एखाद्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवून धार काढायची, आणि ती म्हैस त्याला चाटायची. मी लहानपणी तिथे पितळी धरून उभी असायचे. जी जगायची ती व्यापारी न्यायचा. 2015 साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा आला त्यात बैल आणि वळू आले, रेडा नाही आला. मला कुणाला काही शिकवायचं नाहीये, फक्त ते चाटणं माझ्या डोळ्यासमोरून जात नाही आणि मग मला दूध गिळवत नाही. एवढंच कारण आहे काकू. हे मी ऑफिसातल्या टेबलावर कधी सांगू शकले नाही, तिथे याची थट्टा झाली असती.

अजून एक. मला वाटायचं आता सोयाचं दूध, बदामाचं दूध, मॉलमधली महागडी पाकिटं यावरच जगायचं, तेवढा पगार कुठे होता. तुम्ही मला दाखवलंत की तुमच्या कोकणात अर्धा स्वयंपाक आधीपासूनच माझ्या पंगतीतला आहे. सोलकढी, काळ्या वाटाण्याची आमटी, गणपतीत हळदीच्या पानातल्या पातोळ्या, आणि ते तांदळाचे शिरवाळे गूळ घातलेल्या नारळाच्या रसात, आईशप्पथ काकू, तसं गोड मी जन्मात खाल्लं नव्हतं. होळीला सगळे पुरणपोळीवर तुपाची धार घेत होते आणि मला तुम्ही वेलची घातलेल्या नारळाच्या दुधाची वाटी दिलीत, तर पलीकडच्या दोघांनी तीच मागितली. बिस्किटाचा पुडा आणला तरी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचायचात, कारण हिरवा ठिपका असला तरी आत दूध पावडर असते हे तुम्हाला माझ्यामुळे कळलं होतं आणि ते तुम्ही लक्षात ठेवलंत. आता 2022 पासून सरकारने व्हीगनचं, म्हणजे दूधसुद्धा नसलेल्या खाण्याचं, वेगळं हिरवं चिन्ह काढलंय पण आपल्या किराणावाल्याकडे ते कुठे दिसतंय.

आणि बी12 जीवनसत्त्व. नंतर एका चांगल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून सांगितलं की कॅल्शियमची चिंता नको, नाचणीत 100 ग्रॅमला 350 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हशीच्या दुधात 120 च्या आसपास, तीळ आहेत, पालेभाज्या आहेत, पण बी12 ची गोळी मात्र चुकवायची नाही, ते झाडपाल्यातून मिळत नाही, हातापायाला मुंग्या यायला लागेपर्यंत थांबायचं नाही. हे सगळं मी तुम्हाला सहज बोलले होते. तेव्हापासून दर रविवारी ताट ठेवताना, "गोळी घेतलीस?" माझ्या आईनेसुद्धा इतकं विचारलं नसेल. काकांना रोज दूध पिऊनही बी12 ची इंजेक्शनं घ्यावी लागली म्हणून तुम्हाला त्याची धास्ती. आणि काका काही एकटे नाहीत, पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी पुणे आणि आसपासच्या 441 पुरुषांची तपासणी केली होती, 2006 साली छापून आलंय, त्यात 67 टक्क्यांचं बी12 कमी निघालं. त्यात दूध-दही खाणारे कितीतरी असणार. मला हसणाऱ्या त्या डॉक्टरांनी स्वतःचंही एकदा तपासून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

माझा रिपोर्ट चांगला आलाय काकू, परवाच. सगळं ठीक आहे, हिमोग्लोबिनपण.

मी खूप विचार केला की असं वागायला माणसाला काय लागतं. पैसा नाही लागत, शिक्षण नाही लागत, समोरच्याचं पटलेलं असणंसुद्धा लागत नाही. तुम्हाला माझं पटलंय की नाही मला आजही माहीत नाही, तुम्ही बुधवारी बांगडा तळता आणि तितक्याच मनाने माझा तवा वेगळा घासून ठेवता. माझ्यासारख्या किती पोरीपोरं या शहरात येतात, कुणाला कांदा-लसूण नको, कुणाचा रोजा, कुणाला साखर बंद, आणि त्यांना जेवायला बसल्यावर मान खाली घालावी लागू नये एवढं बघणारं कुणीतरी असलं की शहर परकं वाटत नाही. अशी माणसं पेपरात येत नाहीत म्हणून मी इथे लिहिलं.

आता हिंजवडीला आलेय, खोलीवर गॅस आहे, स्वतः करून खाते. आमसुलं संपत आलीत, गावाहून आली की माझा वाटा बाजूला ठेवा. पुढच्या महिन्यात आई येतेय पुण्याला. तुमच्याकडे यायचंच म्हणतेय, तिला नारळाचा रस कसा काढायचा ते तुमच्याकडून शिकायचंय, आमच्या माणात नारळ देवळात फोडायचा नाहीतर वड्या करायच्या एवढंच ठाऊक. दुपारी तीननंतर येऊ, गर्दी ओसरल्यावर. आणि आईच्या जेवणाचे पैसे घ्यायचे, नाही म्हणायचं नाही.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची माणची पोर