सायरसच्या सिलिंडरवर मार्डुक आहे, तो वगळून ते वाचता येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत सायरसच्या सिलिंडरविषयी प्रसिद्ध झालेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. इ.स.पू. ५३९ मध्ये आजच्या इराकमधील बॅबिलन हे नगर जिंकल्यानंतर इराणच्या सायरस राजाने मातीच्या एका नळकांड्यावर कोरवून घेतलेल्या या मजकुराचा ‘जगातील पहिली मानवी हक्कांची सनद’ असा गौरव लेखात केलेला आहे आणि सायरसच्या उदारपणाविषयी बरेच लिहिले आहे. मात्र संपूर्ण लेखात मार्डुक हे बॅबिलनच्या देवाचे नाव एकदाही येत नाही. ज्या देवाच्या रागामुळे त्या मजकुरातील राजा पदच्युत होतो, ज्या देवाच्या निवडीमुळे सायरस राजा होतो आणि ज्या देवाच्या नैवेद्यात वाढ केल्याची नोंद सायरस आवर्जून करतो, त्या देवाचा उल्लेख न करता या मजकुराचा अर्थ कसा लावणार, असा प्रश्न मला पडला आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हे सिलिंडर १८७९ मध्ये पुरातत्त्वज्ञ हर्मुझ्द रस्साम यांना बॅबिलनच्या अवशेषांत सापडले आणि आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०१३-१४ मध्ये ते मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहण्यास ठेवले होते, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ते डोळ्यांनी पाहिले असेल. लांबीला जेमतेम वीतभर असलेल्या या वस्तूवर क्यूनिफॉर्म (खिळ्यांसारख्या खुणांच्या) लिपीत ४५ ओळी आहेत आणि त्यांतील काही तुटलेल्या आहेत. जो भाग वाचता येतो त्यातील कथा थोडक्यात अशी आहे. बॅबिलनचा राजा नबोनायडस याने देवळांच्या रीती बिघडवल्या, मार्डुकाची पूजा मनातून काढून टाकली आणि प्रजेला सततच्या वेठीने पिळून काढले. त्यामुळे मार्डुक संतापला. त्याने सगळे देश धुंडाळून एक न्यायी राजा शोधला, सायरसचा हात धरला, त्याला नावाने हाक मारली आणि मित्रासारखा त्याच्या बरोबर चालत त्याला बॅबिलनमध्ये आणले. यानंतर सायरस स्वतः बोलू लागतो. तो बॅबिलनच्या लोकांचा शीण घालवल्याचे, इतर नगरांतील देवांच्या मूर्ती त्यांच्या त्यांच्या स्थानी परत पाठवल्याचे, मार्डुकाच्या नित्याच्या नैवेद्यात हंस, बदके आणि पारवे वाढवल्याचे आणि नगराची तटबंदी दुरुस्त केल्याचे सांगतो. परत पाठवलेल्या देवांनी आपल्यासाठी रोज मार्डुक आणि त्याचा पुत्र नाबू यांच्यापाशी रदबदली करावी, अशी त्याची विनंती आहे. सर्व मानवांच्या हक्कांविषयी या मजकुरात एकही विधान नाही. गुलामगिरी रद्द केल्याचे वाक्यही त्यात नाही आणि यहुदी लोकांचा उल्लेखही नाही. त्यांच्या परतीची हकीकत बायबलमध्ये येते, सिलिंडरवर नाही.

सनदेची ही कल्पना आली कोठून, हे ठाऊक असणे आवश्यक आहे. १९७१ मध्ये इराणच्या शहांनी पर्शियन राजसत्तेच्या २५०० वर्षांचा मोठा समारंभ केला, तेव्हा हे सिलिंडर त्याचे बोधचिन्ह झाले आणि त्याची प्रतिकृती संयुक्त राष्ट्रसंघाला भेट देण्यात आली. पुढे इंटरनेटवर मूळ मजकुरात नसलेली वाक्ये घातलेले बनावट अनुवादही पसरले. सायरसविषयी आपल्या पारशी बांधवांना वाटणारा अभिमान मला पूर्णपणे मान्य आहे आणि जिंकलेल्या नगरातील देवळांना त्याने धक्का लावला नाही, ही गोष्ट लहान नाही. परंतु ती गोष्ट त्याने ज्या भाषेत सांगितली ती मार्डुकाच्या उपासनेची भाषा आहे आणि ती सायरसच्या फार आधीपासून घडत आलेली होती.

मार्डुक मुळात बॅबिलन या एका नगराचा देव. हामुराबीच्या काळात (इ.स.पू. १७९२ ते १७५०) बॅबिलन बलाढ्य झाले आणि त्या राजाच्या प्रसिद्ध कायद्यांच्या प्रस्तावनेत अनू व एन्लिल या थोर देवांनी मार्डुकाला लोकांवर अधिपत्य दिल्याचे लिहिले गेले. पुढे ‘एनुमा एलिश’ या सात मृत्तिकापटांच्या काव्यात त्याचे स्थान आणखी उंचावले. खाऱ्या पाण्याची आदिमाता तिआमत देवांवर चालून येते, तेव्हा कोणीच तिच्यासमोर उभे राहण्यास धजावत नाही. एआ या देवाचा पुत्र मार्डुक तयार होतो, पण विजय मिळवला तर सर्व देवांचे राजेपद आपल्याला मिळावे, अशी अट घालतो. तो तिआमतला मारतो, तिच्या देहाचे दोन भाग करून आकाश आणि पृथ्वी घडवतो, तिचा सेनापती किंगू याच्या रक्तापासून माणूस निर्माण होतो आणि कृतज्ञ देव मार्डुकासाठी बॅबिलनमध्ये एसागिला हे मंदिर बांधतात. काव्याचा शेवट त्याच्या पन्नास नावांनी होतो. या काव्याची जी मांडणी आहे तिच्याकडे मी लक्ष वेधू इच्छितो: येथे देवांचा राजासुद्धा जन्मसिद्ध हक्काने राजा होत नाही, त्याला कामगिरीच्या बदल्यात सभेने निवडलेले असते.

एसागिलाच्या गाभाऱ्यातील मूर्ती ही या उपासनेचा प्राण होती. मेसोपोटेमियात, म्हणजे बॅबिलनच्या प्रदेशात, नवीन मूर्ती घडल्यावर तिचे ‘मुखप्रक्षालन’ करण्याचा मोठा विधी असे, तो आपल्याकडील प्राणप्रतिष्ठेची आठवण करून देतो. त्या विधीत कारागिरांचे हात बांधून ते लाकडी तलवारीने तोडल्याचे नाटक केले जाई आणि ही मूर्ती आम्ही घडवलेली नाही, देवांनी घडवली, अशी शपथ कारागीर घेत. अशी मूर्ती शत्रूने पळवून नेली, तर त्याचा अर्थ केवळ लूट झाली असा लावला जात नसे. हित्ती (आजच्या तुर्कस्तानातील), असिरियन (उत्तर इराकमधील) आणि एलामी (नैर्ऋत्य इराणमधील) अशा तिन्ही शत्रूंनी वेगवेगळ्या काळी मार्डुकाची मूर्ती नेली. त्यावर बॅबिलनच्या पुरोहितांनी रचलेल्या एका ग्रंथात मार्डुक स्वतः बोलतो आणि हित्तींचा देश, असिरिया व एलाम येथे आपण स्वेच्छेने गेलो होतो, असे सांगतो. देवाला कोणी नेत नाही, तो रागावून जातो आणि राग ओसरल्यावर योग्य राजाच्या हातून परत येतो. पहिल्या नेबुकॅड्नेझरने इ.स.पू. बाराव्या शतकाच्या अखेरीस एलामवर स्वारी करून मूर्ती परत आणली, तेव्हा त्याची कीर्ती याच विचारावर उभी राहिली.

असिरियाचा राजा सेनाखेरिब याने इ.स.पू. ६८९ मध्ये बॅबिलन उद्ध्वस्त केले. त्याचा पुत्र एसारहॅडन याला नगर पुन्हा बांधायचे होते, पण वडिलांना दोष देणे शक्य नव्हते. त्याच्या लेखांतील स्पष्टीकरण असे की नगरवासीयांच्या पापांमुळे मार्डुक कोपला आणि त्याने नगर ७० वर्षे ओसाड राहील असे दैवपटावर लिहिले. मग त्याला दया आली आणि त्याने तो अंक उलटा केला. क्यूनिफॉर्म लिपीत ७० चा आकडा उलटवला की तो ११ वाचला जातो, म्हणून अकराव्या वर्षी बांधकाम सुरू झाले. देव रागावतो, जुना काळ संपतो, देव शांत होऊन नवा राजा निवडतो, ही चौकट सायरसला तयार मिळाली होती.

आता नबोनायडसवरील आरोपाकडे पाहू. दरवर्षी निसान (मार्च-एप्रिल) महिन्याच्या आरंभी बॅबिलनमध्ये अकितू हा नववर्षाचा उत्सव होत असे. नाबू आपल्या बोर्सिप्पा नगरातून वडिलांकडे येई, चौथ्या दिवशी मार्डुकापुढे ‘एनुमा एलिश’ म्हटले जाई आणि पुढे मार्डुकाची मिरवणूक इश्तार दरवाजातून नगराबाहेरच्या अकितूगृहाकडे निघे. या मिरवणुकीत राजा देवाचा हात धरून चाले, आणि त्यामुळे राजाशिवाय मार्डुक बाहेर पडू शकत नसे. नबोनायडस हा चंद्रदेव सिन याचा निस्सीम भक्त होता आणि तो सुमारे दहा वर्षे अरबस्तानातील तायमा येथे जाऊन राहिला. त्या काळातील बखरीत वर्षामागून वर्ष तीच नोंद येते: राजा तायमात होता, नाबू बॅबिलनला आला नाही, बेल (म्हणजे मार्डुक) बाहेर पडला नाही, अकितू झाला नाही. ज्यांचे वर्ष या उत्सवाने सुरू होत असे त्या नगरवासीयांवर या नोंदींचा काय परिणाम झाला असेल, याची कल्पना करता येते.

तरीही सिलिंडरवरचा शब्द न् शब्द खरा मानू नये. नबोनायडसने स्वतःच्या लेखांत मार्डुकाला वंदन केलेले आहे आणि शेवटच्या वर्षी तो परतल्यावर अकितू झाल्याची नोंद त्याच बखरीत आहे. सायरसच्या सैन्याने बॅबिलनमध्ये लढाईविना प्रवेश केला हे खरे, पण त्याआधी टायग्रिस नदीकाठच्या ओपिस येथे मोठी कत्तल झाली होती आणि सिलिंडर तिच्याविषयी मौन बाळगते. बखरीतील एक नोंद मात्र सायरसच्या बाजूने ठामपणे उभी राहते. त्याच्या सैनिकांनी एसागिलाच्या दरवाजांना वेढा दिला, पण मंदिरातील एकही विधी चुकला नाही. मला ही कोरडी नोंद सिलिंडरवरील सगळ्या स्तुतीपेक्षा मोलाची वाटते, कारण तिच्यात राजाचा हात नाही.

राजसत्तेवरील बंधनाचा प्राचीन पुरावा बॅबिलनमध्ये शोधायचाच असेल, तर तो अकितूच्या पाचव्या दिवशी शोधावा, असे माझे मत आहे. त्या दिवशी राजा एसागिलात येई, तेव्हा मुख्य पुरोहित त्याच्याकडून राजदंड व इतर राजचिन्हे काढून घेई, त्याच्या गालावर चपराक मारी आणि कान धरून त्याला मार्डुकापुढे गुडघ्यांवर बसवी. राजाला म्हणावे लागे की मी पाप केले नाही, तुझ्या देवत्वाची हेळसांड केली नाही, बॅबिलनचा नाश केला नाही आणि तुझ्या संरक्षणाखालील नागरिकांच्या गालावर मारले नाही. मग पुरोहित त्याला अभय देऊन राजचिन्हे परत करी आणि पुन्हा एकदा चपराक मारी. राजाच्या डोळ्यांत पाणी आले तर बेल प्रसन्न, न आले तर शत्रू येऊन त्याचा पाडाव करील, असा संकेत होता. या विधीच्या ज्या प्रती आपल्यापर्यंत पोहोचल्या आहेत त्या ग्रीक राजवटीच्या काळातील आहेत, त्यामुळे तो हामुराबीच्या काळी असाच होता असे कोणी म्हणू नये. पण नागरिकाच्या गालावर हात उचलला नाही, असे राजाने स्वतःचा गाल पुढे करून सांगायचे, हा विचार कोणत्याही विजेत्याच्या घोषणेपेक्षा हक्कांच्या कल्पनेच्या अधिक जवळ जातो. तो विचार मार्डुकाच्या पुरोहितांनी जपला, सायरसने नव्हे.

सायरसनंतरही विजेत्यांना मार्डुकाची गरज भासली. अलेक्झांडरने बॅबिलनमध्ये आल्यावर एसागिलाच्या दुरुस्तीची आज्ञा दिली. त्याच्या सेनापतीचा पुत्र अँटिओकस पहिला याने इ.स.पू. तिसऱ्या शतकात बोर्सिप्पाच्या नाबू मंदिरात पुरलेल्या सिलिंडरवर स्वतःला एसागिलाचा पालनकर्ता म्हणवून घेतले. तोही ग्रीक होता आणि त्याचा मजकूरही बॅबिलनच्या जुन्या अक्कडियन भाषेत, जुन्या बॅबिलोनियन राजांच्याच थाटात आहे. सायरसचे सिलिंडर या ओळीत ठेवले म्हणजे त्याची थोरवी कमी होत नाही. परक्या राजाने जिंकलेल्या लोकांच्या देवापुढे नम्र होण्याची जी रीत तेथे होती तिचा तो एक उत्कृष्ट नमुना आहे, एवढे कळते.

माझी आपणास विनंती आहे की सिलिंडरचा उपलब्ध मजकूर तुटलेल्या जागा तशाच दाखवून, सलग मराठी अनुवादाच्या रूपात पुरवणीत छापावा. एका पानाहून अधिक जागा त्याला लागणार नाही. लेखात दिलेला गौरव कितपत योग्य आहे, हे वाचकांना मग स्वतःच ठरवता येईल.

आपला,
एक नियमित वाचक, मुंबई