जिन्यातील कॅमेऱ्यांना नियम हवेत

महोदय,

शेजाऱ्याने शेजाऱ्यावर गुपचूप ठेवलेल्या पाळतीवर बेतलेले मानसशास्त्रीय थरारपट सध्या घरोघरी आवडीने पाहिले जातात. त्यांत पाळत ठेवणारा बहुधा विकृत असतो, आणि आपल्यावर कोणाची तरी नजर आहे हे नायिकेला कळते तो क्षण पार्श्वसंगीतासह अंगावर येतो. माझ्या वाट्याला तो क्षण लिफ्टमध्ये आला, आणि तोही अत्यंत आपुलकीच्या स्वरात. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी ठाण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत एकोणीस वर्षे राहते. दोन वर्षांपूर्वी आमच्या मजल्यावरून पार्सले नाहीशी होऊ लागली, तेव्हा समोरच्या कुटुंबाने दारावर कॅमेऱ्याची बेल बसवली. मला त्यात काही गैर वाटले नाही. आपल्याही दारावर लक्ष राहील म्हणून बरेच वाटले. दारे समोरासमोर, मधे जेमतेम पाच फुटांचा पॅसेज. गेल्या हिवाळ्यात माझ्या यजमानांच्या तपासण्या सुरू झाल्या आणि लॅबचा मुलगा आठवड्यातून दोनदा सकाळी साडेसहाला रक्त न्यायला येऊ लागला. निदान पक्के होईपर्यंत बंगळुरूला असलेल्या मुलालाही काही कळवायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले होते. तिसऱ्या आठवड्यात समोरच्या वहिनींनी लिफ्टमध्ये माझा हात धरून विचारले, "भाऊंना काय झालंय? सकाळी सकाळी रक्त न्यायला येतात ना हल्ली?" साडेसहाला त्यांच्या घरात कोणी उठलेलेही नसते. दारासमोर हालचाल झाली की फोनवर सूचना येते आणि चहा घेताना त्या रात्रीपासूनच्या सगळ्या सूचना चाळतात, हे पुढे त्यांनीच मला सहज सांगितले.

वहिनी मनाने चांगल्या आहेत. रुग्णालयाच्या दिवसांत आमचा डबा त्यांच्याकडूनच येत होता, आणि म्हणूनच हा प्रश्न कोणाच्या वाईट हेतूचा नाही असे माझे ठाम मत झाले आहे. पण त्या दिवसापासून आमच्या घरातले वागणे बदलले. यजमान रिपोर्टचा लिफाफा दार उघडण्यापूर्वी कापडी पिशवीत घालतात. मुलगी फोनवर बोलत जिना चढत असेल तर खालच्या मजल्यावरच बोलणे आवरते घेते. दुधाची पिशवी घेण्यासाठी मी दार वीतभरच उघडते, आणि त्या बेलभोवतीचे निळे वर्तुळ उजळले की हात आपोआप पदराकडे जातो. त्या वेळी पलीकडे कोणी पाहत असेलच असे नाही. बहुतेक वेळा कोणीच पाहत नसणार. तरीही आपल्याला कोण, कधी आणि किती वेळा पाहील हे ठाऊक नसले की माणूस सारा वेळ पाहिला जात असल्यासारखा वागू लागतो. हे मी स्वतःच्या उंबरठ्यावर रोज अनुभवते आहे.

हे बोलून दाखवले की हमखास चाळीचा दाखला दिला जातो. मी स्वतः गिरगावातल्या चाळीत वाढले. कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या घरी भांडण झाले, हे गॅलरीतल्या सर्वांना माहीत असे आणि त्याचा जाचही होत असे. मुलींना तर फारच. परंतु पाहणारी व्यक्तीही आपल्याला दिसत असे. "काय काकू, काय बघताय?" असे विचारण्याची सोय होती, आणि पाहिलेले चार दिवसांत विसरलेही जात असे. फोनमधले चित्रण मागे नेता येते, थांबवून मोठे करता येते आणि ज्याने काहीच पाहिलेले नाही अशा माणसाला पाठवताही येते. आमच्या संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार महिन्यांपूर्वी जिन्यातल्या कॅमेऱ्याची अशीच एक क्लिप टाकली गेली. तीत तीन घरी धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी दोन कामांच्या मधल्या वेळेत पायरीवर बसून डबा खात होत्या, आणि क्लिपखाली "हे चालणार आहे का?" असा प्रश्न होता. त्यावर बावीस जणांनी मत दिले. मावशींना त्याचा पत्ताही नव्हता, कारण त्या ग्रुपवर नाहीत. इमारतीत सर्वाधिक चित्रण होते ते घरकाम करणाऱ्या बायकांचे, वॉचमनचे आणि सामान पोचवणाऱ्या मुलांचे. त्यांच्या संमतीचा विषय मात्र कोणत्याही सभेत निघत नाही.

कायद्याकडे पाहिले तर नेमकी ही जागा रिकामी दिसते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीच्या खासगी कृतीचे चोरून निरीक्षण वा चित्रण करण्याला शिक्षा देते आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणाला. दारातून कोण आले, कोण गेले, हे दोन्हींत बसत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेली डेटा-प्रक्रिया कक्षेबाहेर ठेवली आहे. पण समोरच्या घराचे दार ज्या चौकटीत कायम येते, ते चित्रण निव्वळ 'घरगुती' कसे म्हणावे? कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एकाच वास्तूतील सहरहिवाशांच्या वादात, निवासी भागात इतरांच्या संमतीविना कॅमेरे चालवणे हा खासगीपणाचा भंग ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. मात्र तो वाद घराच्या आतल्या भागाचा होता. दोन घरांमधल्या पॅसेजचे काय, हा प्रश्न उरतोच.

इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयापुढे २०२१ मध्ये जवळपास आमच्यासारखेच प्रकरण आले होते. गाडीच्या चोरीच्या प्रयत्नानंतर एका गृहस्थाने बेलचा कॅमेरा आणि इतर कॅमेरे लावले होते, आणि शेजारच्या बाईंनी त्याविरुद्ध दाद मागितली. न्यायालयाने निकाल बाईंच्या बाजूने दिला आणि चित्रापेक्षाही ध्वनिमुद्रण अधिक आक्षेपार्ह मानले, कारण उपकरणाच्या टप्प्यात आहोत हेही माहीत नसलेल्या लोकांचे बोलणे त्यात साठत होते. आपल्याकडे या बेलला कान असतात हेच कित्येकांच्या गावी नाही.

कॅमेरे काढून टाका, असे माझे म्हणणे नाही. चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा चित्रणच मागतात, आणि एकटीने राहणाऱ्या वृद्धेला त्या बेलचा किती आधार वाटतो हे आमच्याच इमारतीत मी पाहते. सहकार खात्याने गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत या विषयाची स्पष्ट तरतूद करावी, इतकीच माझी मागणी आहे. खासगी कॅमेऱ्याच्या चौकटीत समोरचे दार येत असेल तर तो कोन वळवणे किंवा ॲपमध्ये तेवढा भाग झाकणे बंधनकारक असावे. अनेक ॲपमध्ये ही सोय असते. पॅसेजमधले ध्वनिमुद्रण बंद असावे. संस्थेच्या कॅमेऱ्यांचे चित्रण कोण पाहू शकतो, पासवर्ड कोणाकडे आहे आणि ते किती दिवसांनी पुसले जाते, हे सूचना फलकावर लिहिलेले असावे. लेखी अर्ज आणि कारणाची नोंद असल्याशिवाय एकही क्लिप बाहेर जाऊ नये. आमच्या संस्थेत आज थेट चित्रण तीन पदाधिकाऱ्यांच्या खासगी फोनवर दिसते, आणि त्यांतील एकांची मुदत संपून वर्ष झाले आहे.

३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी हा विषय लेखी दिला आहे. ज्या संस्थांनी असा ठराव आधीच केला असेल, त्यांच्या सभासदांनी त्याचा मसुदा आपल्या वृत्तपत्राकडे पाठवावा आणि आपण तो छापावा, ही विनंती. वहिनींशी माझे बोलणे झाले आहे. कोन बदलायला त्या तयार आहेत, पण बेल बसवणाऱ्या माणसाला अजून फोन झालेला नाही.

आपली,
एक सभासद, ठाणे
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)