यशोगाथेसोबत मे महिन्याचं वीजबिलही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण दहा बाय बाराच्या बंद खोलीत लेट्यूस आणि बेसिल अशी सॅलडची पानं पिकवणाऱ्या एका तरुणाची गोष्ट छापली. फोटो झकास होता. जांभळा उजेड, चार मजली रॅक, पोराच्या चेहऱ्यावर हसू. सोमवारी मी दुकानाचं शटर वर करायच्या आत दोन फोन आले. दोघांचा प्रश्न एकच : "काका, आमच्या गच्चीवर पत्र्याची खोली रिकामीच आहे की, किती टनाचा एसी लागेल?" म्हणून हे पत्र.

मी फ्रिज-एसी दुरुस्त करणारा माणूस. सोलापुरात २८ वर्षं हेच काम करतोय. शेतीतलं मला फारसं कळत नाही, पण खोलीत उष्णता कुठून शिरते आणि ती बाहेर काढायला किती पैसे पडतात हे कळतं. आपल्या लेखात ही खोली थंड कशी ठेवायची यावर एकच वाक्य होतं, 'एसीच्या साहाय्याने तापमान नियंत्रित केले जाते.' सोलापुरात मे महिन्यात हे वाक्य फार महाग पडतं.

मागच्या वर्षी अशाच एका खोलीचं काम माझ्याकडे आलं. अशोक चौकाच्या पलीकडे, पूर्व भागात. खाली चार लूम, वर स्लॅबवर पत्र्याची खोली. पोरगा हुशार, डिप्लोमा झालेला. कुठल्याशा तीन दिवसांच्या प्रशिक्षणात त्याला सांगितलं होतं की खोली गच्च बंद करा, गार करा, बाकी सगळं आपोआप होतं. त्यानं आधी कूलर घेतला आणि त्या गच्च बंद खोलीतच ठेवला. चौथ्या दिवशी कोवळी रोपं बुडातून कुजून आडवी व्हायला लागली. मग कूलर विकला आणि दोन टनाचा एसी बसवला. तोही दुपारी हात टेकायचा.

मी गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. जिन्यातच घामाची आंघोळ झाली. मी दोन साधे थर्मामीटर बरोबर ठेवतो, एकाच्या बुडाला ओली चिंधी गुंडाळून. दाराबाहेर सावलीत धरले आणि दोन-चार मिनिटं पुठ्ठ्यानं वारा घातला. कोरडा ४२, ओला २४. चिंधीतलं पाणी वाळताना तो गार होतो. पोरगा बघतच राहिला. म्हटलं, "हे बघ, बाहेरच्या हवेत एवढा गारवा फुकट पडलाय. बाहेरची कोरडी हवा पॅडमधून आत घेतली आणि समोरच्या भिंतीत भोक पाडून सोडून दिली असतीस, तर त्याच कूलरनं खोली २८-२९पर्यंत आणली असती." बंद खोलीत कूलर तीच ती ओली हवा फिरवत बसतो. तेव्हा तिथे माझे थर्मामीटर लावले असते तर कोरडा ३३ आणि ओला ३१ असं काहीतरी दिसलं असतं. दोघांत अंतरच उरलं नाही तर गारवा येणार कुठून? आणि अशी दमट, न हलणारी हवा बुरशीला फार मानवते.

हे आपल्या गावाला नवीन नाही खरं तर. माझे वडील गिरणीत विणकाम खात्यात होते. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून तिथे हवा मुद्दाम दमट ठेवत. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं आणि काचा उत्तरेकडच्या बाजूला, म्हणजे उजेड आत यावा आणि ऊन बाहेर राहावं. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली तेव्हा एसी जन्मालाही आला नव्हता. आणि आपण छापखानेवाले, म्हणून सांगतो, विलिस कॅरियरनं १९०२ साली पहिला एसी आखला तो माणसांसाठी नव्हताच. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात ओलीमुळे कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत, त्यासाठी तो होता.

तर त्या खोलीकडे. पत्र्याला खालून हात लावला तर चटका बसला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सोलापूरच्या बरोब्बर डोक्यावर असतो, माध्यान्हीला माणसाची सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत मार भिंतीला नाही, छपराला बसतो. दहा बाय बाराच्या छपरावर भर दुपारी जवळजवळ ११ किलोवॅटचं ऊन पडतं. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, हिशेब तुम्हीच करा. सगळं आत येत नाही हे खरं, पण आतून उघडा पत्रा म्हणजे डोक्यावर पेटलेला तवाच की.

दुसरी गोष्ट दिव्यांची. पोरगा म्हणाला, "एलईडी गरम होत नाही ओ काका." त्याच्याकडे २० वॅटच्या २४ नळ्या होत्या, म्हणजे ४८० वॅट. दिवा कुठलाही असो, बंद खोलीत त्यानं खाल्लेली वीज शेवटी उष्णताच होते. पान त्यातली थोडी वापरतं ती हिशेबात धरण्याइतकी नसते. वर हे दिवे तो सकाळी सहा ते रात्री आठ लावायचा. का, तर झाडाला दिवस पाहिजे! अरे बाबा, खिडकी नसलेल्या खोलीत झाडाला काय कळतंय दिवस कुठला आणि रात्र कुठली? तेच १४ तास संध्याकाळी सात ते सकाळी नऊ केले. दिव्यांची उष्णता गेली रात्रीच्या वाट्याला आणि दुपारी एसीच्या मानेवरचं एक ओझं उतरलं. या बदलाला एक रुपया लागला नाही.

छपराला मात्र पैसे लागले. वरून चुन्यात डिंक कालवून पांढरे दोन हात दिले. खालून दोन इंची थर्माकोलचं सिलिंग मारलं, पण पत्र्याला चिकटवून नाही. मध्ये वीतभर पोकळी ठेवली आणि दोन्ही टोकांना जाळी, म्हणजे तापलेली हवा वरच्या वर निघून जाते. थर्माकोल पेट घेतं, म्हणून वायर सगळी पाइपातून नेली. याला पोरगा कुरकुरला, पण तिथे मी ऐकलं नाही.

मग पाणी. मला वाटतं निम्मी पिकं इथेच मरतात, आणि लेखात याचा उल्लेखच नव्हता. या रोपांना माती नसते, मुळाशी पाणीच फिरतं. त्या पाण्याची टाकी त्याच खोलीत होती. हात घातला तर पाणी अंघोळीला चालेल इतकं कोमट, ३४ अंश. एक रोप उपसलं. मुळं पांढरीशुभ्र पाहिजेत, ती तपकिरी, बुळबुळीत, आणि वास डबक्याचा. पाणी २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवतं, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यात उकाड्यात मुळाला प्राणवायू लागतो जास्त. मग वर हवा २२ अंश केली तरी खाली मूळ गुदमरतंच.

टाकी खाली जिन्याखाली नेली, जिथे ऊन कधीच येत नाही आणि वारा मात्र बोळातून सतत वाहतो. पंप थोडा मोठा लागला. टाकी कशानं गुंडाळायची म्हणून गोणपाट शोधत होतो, तर पोराची आई आतून जुनी चादर घेऊन आली. सोलापुरी, वीस वर्षं वापरलेली, मोराची नक्षी अजून दिसत होती. "हीच घ्या ओ, पाणी चांगलं धरते," म्हणाली. टाकीला गुंडाळली, खालचं टोक पाण्याच्या परातीत सोडलं. दोन दिवसांनी टाकीतलं पाणी २६वर. एक लिटर पाणी वाळताना युनिटच्या दोन-तृतीयांश इतकी उष्णता घेऊन जातं, आणि सोलापूरची हवा ते काम फुकट करते. फक्त हे खोलीच्या बाहेर करायचं. आत केलंत तर ती वाफ परत एसीला पिळून काढावी लागते.

आता माझी कबुली. तो दोन टनाचा एसी मी विकलेला नव्हता, पण दहा वर्षांपूर्वी मीही तोच विकला असता. गिऱ्हाईक म्हणालं गार होत नाही, की आम्ही टन वाढवतो. छप्पर झाल्यावर मात्र तो मोठा एसी रात्री चार मिनिटांत खोली गार करून बंद पडायला लागला. एसी चालू राहिला तरच कॉइलवर, म्हणजे आतल्या गार नळ्यांवर, पाणी सुटतं, बंद पडला की ओल हवेतच राहते. झाडं तर रात्रभर पानांतून पाणी सोडतायत. शेवटी तो काढून एक टनाचा इन्व्हर्टर एसी बसवला, जो बंद न पडता गरजेपुरता हळू चालत राहतो. त्याच्या ड्रेनला रोज बादलीभर, १५ लिटर पाणी येतं. आमच्याकडे नळाचा भरवसा नाही, आणि बोअरच्या पाण्यात क्षार इतके की कूलरचं पॅड एका उन्हाळ्यात दगड होतं. ड्रेनच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. कॉइल स्वच्छ ठेवून, गाळून तेच पाणी तो टाकीत भर घालायला वापरतो. पहाटे अर्धा तास एक्झॉस्ट लावतो. बाहेरची हवा तेव्हा गार असते, आणि गच्च बंद खोलीत पानांना लागणारा कार्बन वायूही संपत आलेला असतो.

आधी दिवसाला ३४ युनिट जळायचे, दिव्यांसकट. आता १८. दुपारी तीनला खोली २५वर राहते. लेट्यूसला १८ ते २४ मानवतं, त्याहून फार तापलं की ते फुलाचा दांडा काढतं आणि पान कडू होतं. म्हणून मेच्या मध्यापासून महिनाभर तो लेट्यूस लावतच नाही, बेसिल आणि मायक्रोग्रीन्सवर, म्हणजे कोवळेपणीच कापायच्या रोपांवर, भागवतो. हा शहाणपणा त्याचा स्वतःचा, माझा नाही.

जाता जाता एक. ज्यांच्याकडे अजून माळवदाचं, म्हणजे जाड मातीच्या छपराचं, घर आहे त्यांनी गच्चीवर पत्रा मारायच्या आधी त्या खोलीत थर्मामीटर ठेवून बघावा. मंगळवेढ्याला माझ्या मावशीच्या माळवदात भर मेमध्ये, बाहेर ४३ असताना, आत ३१ बघितलेत मी, पंखासुद्धा न लावता. रॅक लावायचेच असतील तर तिथे लावा. ओल आणि वाळवी यांच्याकडे लक्ष ठेवावं लागेल, एवढंच.

तेव्हा विनंती अशी. अशा यशोगाथा जरूर छापा, पोरं काहीतरी करतायत हे वाचून बरं वाटतं. पण सोबत एक छोटी चौकट टाका : छप्पर कशाचं आहे, पाणी कुठून येतं, मेच्या दुपारी तीन वाजता आत किती अंश असतात, आणि एप्रिल-मेची वीजबिलं किती आली. बातमीदाराला शक्य असेल तर डिसेंबरऐवजी मे महिन्यात पाठवा. फोटोतल्या त्या खोलीत खिडकीबाहेर धुकं दिसत होतं, हे मी भिंग लावून बघितलंय.

माझं नाव छापू नये. 'आधी चुना मारा, मग एसी घ्या' असं सांगणारा मेकॅनिक कोण, हे आमच्या डीलरला कळलं तर पुढच्या सीझनला माल उधारीवर मिळायचा नाही.

आपला,
एक एसी मेकॅनिक,
कन्ना चौक, सोलापूर