मांजराला 'तू', आम्हाला 'तुम्ही'

आदरणीय मिससाहेब,

गेल्या मंगळवारी रात्री तुमच्या भाच्याचा एक आवाजी निरोप आला. नऊ सेकंदांचा. अमेरिकेत कॅन्ससमधल्या ज्या वृद्धाश्रमात तुम्ही आहात, तिथल्या नर्सने तो मोबाइलवर टिपलाय. रोज संध्याकाळी दारात जो येईल त्याला तुम्ही काहीतरी म्हणता, ते इंग्रजी नाही आणि कुणालाच कळत नाही. त्यांना वाटलं, वयाची बडबड आहे. भाच्याला शंका आली म्हणून त्याने तुमच्या जुन्या वहीतून माझा नंबर शोधला. मी पंखा बंद केला आणि फोन कानाला लावला.

"या. बसा. जेवलात का तुम्ही?"

बायको आतून धावत आली, मला काय झालं म्हणून.

तुम्हाला आता माणसं ओळखू येत नाहीत, असं भाचा म्हणतो. म्हणजे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचून न पोचल्यासारखंच. म्हणून उघड लिहितोय. तुमचं नाव घालत नाही. आमच्या बोर्डिंगात तरी ते कुठे कुणाच्या तोंडी होतं? सगळ्यांच्या तुम्ही मिससाहेबच.

१९७२चा दुष्काळ सरला नव्हता तेव्हाची गोष्ट. मी आठ वर्षांचा. दोन वर्षांचा असताना आलेल्या तापात डावा पाय गेलेला. पोलिओ हा शब्द नंतर कळला, गावात 'वारं गेलं' म्हणत. आई-बाप पाथर्डीकडे दुष्काळी कामावर खडी फोडत आणि मी ढिगाशेजारी गोणपाटावर बसून सुकडी चघळायचो. त्याआधी एकदा आईने मला खांद्यावर घालून शाळेत नेलं होतं. हेडगुरुजींनी माझ्याकडे न बघता तिला विचारलं, "हे कुठं पडलं-धडपडलं तर जबाबदार कोण?"

'हे'. पोतं, ओझं, गाठोडं असतं तसं. चुलत्याचंही तेच: "ह्याला पंढरपूरच्या वाटेवर बसव, वारीत चार पैसे तरी मिळवील ते." ही माणसं दुष्ट नव्हती. चुलत्याने तर पुढे आईच्या आजारपणात पैसे दिले. पण आठव्या वर्षापर्यंत मला कुणी साधं पुल्लिंगीसुद्धा वापरलं नव्हतं, हेही खरं आहे आणि ते मी विसरलेलो नाही.

कामावरच्या कुठल्याशा बाईने सांगितलं म्हणून आईने मला नगरला तुमच्या बोर्डिंगच्या व्हरांड्यात आणून ठेवलं. लोक माझ्या डोक्यावरून आईशीच बोलत होते. तुम्ही आलात, पायरीवर बसलात. बसलात म्हणजे फतकल मारून, त्या फुलाफुलांच्या झग्यात, धुळीत. आणि मला म्हणालात, "आपलं नाव काय? तुम्हाला शिकायला आवडेल का?"

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

कॅलिपर, बूट, पुण्याच्या फेऱ्या, दोन ऑपरेशनं हे सगळं तुम्ही केलंत. त्याची यादी देत बसत नाही. ते उपकार मोठे आहेत आणि त्यांच्यावरच मी चाललो. पण आतून उभा राहिलो तो त्या 'तुम्हाला'वर.

पोरं हसायची. मड्डमला मराठी येत नाही म्हणायची. तुम्ही चाळीस पोरांना अहो-जाहो करायचात. "अहो, तुमची चड्डी उलटी आहे." "तुम्ही खोटं बोलता आहात, मला वाईट वाटलं." शिवी परवडली, पण हे नको, असं व्हायचं. स्वयंपाकाच्या मावशींनी एकदा तुम्हाला समजावलं, "मिससाहेब, पोरांना अरे म्हणायचं असतं, ते काय मामलेदार आहेत?" तुम्ही मान हलवलीत आणि लगेच मला म्हणालात, "चला, तुम्ही ताटं मांडा."

आम्हीही मानलं होतं की बाईंना तू आणि तुम्ही कळत नाही. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं. बोर्डिंगात एक भुरं मांजर होतं. त्याला तुम्ही म्हणायचात, "तू परत दूध सांडलंस?" आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत डोळे मिटून, "हे प्रभू, तू या लेकरांना सांभाळ." मांजराला तू, देवाला तू आणि आम्हाला तुम्ही. म्हणजे फरक नेमका कळत होता. कुणाला काय द्यायचं ते ठरवून दिलेलं होतं. हा शोध मी कुणाला सांगितला नाही, गुळाच्या खड्यासारखा तोंडात ठेवला.

त्या वर्षी अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी सगळ्या महाराष्ट्राने खाल्ली. भाकरी थापताना फाटायची, घशात अडकायची. तुम्ही कॅन्ससच्या शेतकऱ्याच्या लेक, तुमच्याकडे हे पीक गुरांच्या दावणीत जातं. ते तुम्हीच एकदा सांगितलंत, मान खाली घालून. वर "तुम्ही चांगलं खायला पाहिजे" म्हणालात. पण ताटात तुमच्याही तीच भाकरी असायची.

पाहुणे यायचे. देणगी देणारे, गळ्यात कॅमेरा अडकवलेले. एकाला माझा कॅलिपरसकट फोटो हवा होता, चड्डी जरा वर करून. तुम्ही त्याला इंग्रजीत काही सांगितलंत. मग मराठीत माझ्याकडे वळून विचारलंत, "हे गृहस्थ तुमचा फोटो मागतात. काढू द्यायचा?" मी नको म्हणालो. नुसती परीक्षा बघायला, खरं तर मला फोटो हवा होता. तो काढला गेला नाही. देणगीचं काय झालं कोण जाणे. हल्ली दहा दिवसांची सेवा करायला परदेशातून येणारी आणि आपल्याकडच्याही वस्त्यांत खाऊ वाटायला जाणारी मंडळी पोरांना कडेवर घेऊन फोटो टाकतात, तेव्हा मला ते 'काढू द्यायचा?' आठवतं.

लोक अजून विचारतात, "मग बाटवलं नाही का तुला?" तुम्ही मिशनरी होतात, ते लपवत नव्हतात. रोज उपासना असायची, नाताळात रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटीवर व्हायची. ती मला पाठ आहेत आणि आवडतात. माझ्या हातून तुम्हाला काय हवं होतं, ते मला कळत होतं. तुम्ही मागितलं नाहीत. मी वारकऱ्याच्या घरचा, तसाच राहिलो, आणि तुमच्या डोळ्यांत त्याचं काही उणं दिसलं नाही. सगळीकडे असंच होतं, असं मी म्हणणार नाही. मिशनऱ्यांबद्दल इतर कहाण्याही ऐकल्यात. मी माझी सांगतोय.

नगरला हे नवं नव्हतंच म्हणा. मिस सिंथिया फरार या मिशनरी बाई अमेरिकेहून मुंबईत आल्या १८२७ साली, आणि नगरला १८३९मध्ये. मुलींच्या शाळा चालवता चालवता १८६२ साली नगरलाच वारल्या. त्यांच्या शाळा पाहून आपल्याला प्रेरणा मिळाली, हे खुद्द जोतीरावांनी नोंदवून ठेवलंय. हे मला शाळेतल्या कुठल्या धड्याने सांगितलं नाही, तुम्हीही नाही. मास्तर झाल्यावर मी स्वतः वाचलं.

हो, मास्तर झालो. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला आणि पोरांना तुम्ही म्हटलं. एक साहेब तपासणीला आले, म्हणाले, "गुरुजी, ही काय नाटकं?" पहिलीतल्या एकाने त्यांना उत्तर दिलं, "साहेब, तुम्ही पण बसा ना." याच साहेबांच्या पठडीतल्या एकाने मी बेचाळीस वर्षांचा असताना अपंगत्वाच्या दाखल्यासाठी "ए, चालून दाखव" म्हटलं होतं. दाखवलं चालून. दुसरं काय करणार? पण घरी येताना एसटीत मनात तुमचा आवाज लावून घेतला, "अहो, जरा चालून दाखवता का?" आणि मग बरं वाटलं. साधी सभ्यता माणसाला किती वर्षं पुरते, बघा. फुकटची वस्तू. तरी खिशातून काढताना लोकांचा हात आखडतो.

२०११च्या जानेवारीत देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तेव्हा मी तुम्हाला मोठं चार पानी पत्र लिहिलं होतं, इतिहास वगैरे घालून. तुमचं उत्तर तीन ओळींचं, मराठीत: "फार आनंद झाला. तुमचा बूट अजून चावतो का?"

चावतो, मिससाहेब.

आमची आई मात्र तुम्हाला कायम 'तू'. तिला अहो-जाहो जमलंच नाही. "जेवली का गं तू?" म्हणत शेंगांचं गाठोडं तुमच्या मांडीवर टाकायची. १९८४ला तुम्ही गेलात. का, कशाने, कोणता कागद अडला, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. माळीवाडा स्टँडवर आईने तुमचा हात सोडला नाही. "येशील ना माघारी?" तुम्ही खूप वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "तू औषध वेळेवर घे गं." माणसाला 'तू' म्हणताना मी तुम्हाला ऐकलं ते तेवढंच एकदा. आईला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र पाठ फिरवून गाड्यांच्या पाट्या वाचत बसलो.

तर, भाच्याला मी सगळा अर्थ कळवला. नर्सने काय उत्तर द्यायचं तेही इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं: हो मिससाहेब, जेवलो. पाठवल्यावर लक्षात आलं, नर्स बाई आहे. पुन्हा लिहिलं, 'जेवले'. व्याकरण चुकलेलं तुम्हाला खपायचं नाही.

काल दुसरा निरोप आला. नर्स जीभ अडखळत म्हणते, "हो मिससाहेब, जेव-ले." मागून थोडी खुर्ची सरकल्याचा आवाज आणि तुम्ही:

"काय होतं जेवायला?"

त्याचं उत्तर आत्ता लिहून पाठवतोय. पिठलं-भाकरी.

तुमचा,
व्हरांड्यातला