लायब्ररीतल्या त्या ताईंना

गेल्या श्रावणात आमच्या अण्णांना टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या अन् दुसऱ्याच दिवशी लघवी केशरी-लाल. त्यातच भावकीतल्या एकाचा मेसेज आला की या गोळ्यांनी किडन्या जातात. अण्णांनी गोळ्या पिशवीत बांधून देवळीत ठेवून दिल्या.

मी रेणापूरहून लातूर गाठलं, पण ओपीडी सुटली होती. आवारातच मेडिकल कॉलेजची लायब्ररी दिसली. आपल्याला आत घेतील का, म्हणून दारातच घुटमळलो. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, “आत या की भाऊ, आधी पाणी प्या.”

त्यांनी गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं. त्यात रिफॅम्पिसिन होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या मेडलाइनप्लस या वेबसाइटवर हेच औषध ‘रिफॅम्पिन’ नावाने आहे. मला ते जन्मात सापडलं नसतं. मग एकेक ओळ त्यांनी मराठीत सांगितली. लघवी, घाम, थुंकी, डोळ्यांतलं पाणीसुद्धा लालसर होतं, त्याने अपाय नाही. डोळे पिवळे दिसले तर मात्र लगेच दवाखाना. “मी डॉक्टर नाही हं,” हे त्या 3 वेळा म्हणाल्या. अण्णांना चष्म्याविना वाचता यावं म्हणून ठळक अक्षरांत डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही लिहून दिले. पहिलाच होता, ‘मधे चुकलेल्या गोळ्यांचं काय करायचं?’

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी गोळ्या पुन्हा चालू केल्या. 6 महिन्यांचा कोर्स पार पडला, अण्णा आता शेतात जातात. तो कागद अजून देवळीत आहे.

ताई, गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. आमच्या सगळ्या घराकडून तुमचे मनापासून आभार.