रंगांबद्दल, बाबांच्या प्रश्नावर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "लोकांची रानं खरवडून गेली अन् तू लेकरांना खडू वाटत बसलीस?" रेंज नव्हती, म्हणून लिहिते.

सप्टेंबर २०२५ मध्ये परंड्याकडं सीनाकाठच्या गावांत पाणी घरात शिरलं. धान्य, चारा, पंचनामे हे सगळं आधीच, त्यात वादच नाही. पण शाळा भरली तरी आभाळ आलं की पोरं दप्तर आवरून दारात उभी राहायची. आम्ही कोरे कागद अन् रंगीत खडू मांडून ठेवले. "पुराचं चित्र काढा" असं कुणालाच म्हणलं नाही. ज्याला जे सुचेल ते.

तिसरीतला एक पोरगा रोज गोठाच काढायचा. दावण, दावी, जनावर एकही नाही. "हे काय?" असं न विचारता मी नुसती शेजारी बसायचे. एक दिवस त्यानं कोपऱ्यात पिवळा गोळा काढला, अन् आपणहून बोलला. बाप अंधारात दावी कापत होता, बॅटरी ह्याच्या हातात. हात थरथरला, म्हणून म्हशी गेल्या, असं त्याच्या मनात! घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. बापाला बोलावलं. त्यानं पोराला जवळ घेऊन सांगितलं, पाणीच छातीला लागलं होतं, उजेड असून काय होणार होतं?

मध्ये एक पाहुणे आले, म्हणे पुरावर चित्रस्पर्धा घ्या, बक्षीस देतो, फोटो काढू. मी चहा पाजून वाटेला लावलं.

रंगानं सगळं भागतं असं नाही. एक मुलगी रात्री झोपतच नव्हती, तिला डॉक्टरकडं नेलं. घरच्यांना टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही दिला, फुकट आहे.

बाबा, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात पडलेल्या माळवदाखालून तुम्ही किती जणांना काढलंत, ते मी गावाकडूनच ऐकलं, तुमच्याकडून कधीच नाही. पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत आम्हालाही कुणी काही विचारलं नव्हतं.

तुमची नात सारखी विचारते, जुनी किल्लारी कशी होती? संक्रांतीला कागद घेऊन येते. घर नको, वेशीपासून पारापर्यंतची वाट काढून दाखवा तिला. आई, ते काढत असताना मध्ये बोलू नकोस, अन् वाट चुकली तर दुरुस्त तर मुळीच करू नकोस.

तुमची,
ताई